माहितीपत्रक मिटा, टाइमटेबल उघडा: अमेरिकेतलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज कसं निवडावं

‘सायन्स घेऊन बी.ए. कशाला करायचं गं?’ माझ्या भाचीनं फिजिक्स शिकायला अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजचं नाव काढलं, तेव्हा तिच्या आजीनं विचारलेला हा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त होता. आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्स, कॉमर्स, सायन्स अशा तीन वाटा फुटतात आणि ‘आर्ट्स’ हा शब्द कानावर पडला की सायन्सची वाट सुटली असंच घरात सगळ्यांना वाटतं. मी नाशिकच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलं, तरी मलाही सुरुवातीला हे उलगडून घ्यायला वेळ लागला. त्यानंतर भाची धरून बऱ्याच मुलांबरोबर बसून ह्या कॉलेजांच्या याद्या केल्या, खोडल्या, पुन्हा केल्या. पहिल्यांदाच ह्या वाटेला लागलेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठी हे लिहिते आहे.

माहितीपत्रकांत ही कॉलेजं एकमेकांसारखीच दिसतात. लाल विटांची इमारत, हिरवळीवर गोल करून बसलेली मुलं, ‘प्रत्येकाकडे वैयक्तिक लक्ष’. त्यांच्यातला खरा फरक ज्या कागदांत असतो ते कागद कॉलेज तुम्हाला घरी पाठवत नाही. पण ते लपवूनही ठेवलेले नसतात, कुणालाही उघडून वाचता येतात. कुठले कागद आणि ते कसे वाचायचे, हेच मला मुख्यतः सांगायचं आहे.

आधी हा प्रकार काय आहे

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे फक्त पदवीपर्यंत शिकवणारं, साधारण दीड ते तीन हजार विद्यार्थ्यांचं निवासी कॉलेज. गणित, फिजिक्स, अर्थशास्त्र, इतिहास, संगीत सगळं एकाच ठिकाणी. विषय रसायनशास्त्र असला तरी पदवीवर बहुधा बी.ए. असंच लिहिलेलं असतं. सुरुवातीला वेगवेगळे विषय घेऊन बघायचे आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य विषय जाहीर करायचा. पीएच.डी.चे विद्यार्थी नसल्यामुळे वर्गात शिकवायला प्राध्यापक स्वतः येतात आणि प्रयोगशाळेतलं कामही पदवीच्या मुलांच्याच वाट्याला येतं. आजीला मी थॉमस चेक ह्यांचं उदाहरण दिलं होतं. आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजातून १९७० साली त्यांनी बी.ए. केलं आणि १९८९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस हेही ग्रिनेलचेच, १९४९ सालचे. आजीचं समाधान झालं. शेजारच्या काकांचं झालं नाही, पण ते चालायचंच.

ही कॉलेजं आडगावी का असतात, हेही समजून घ्यावं. त्यातली बरीचशी चर्चच्या मंडळींनी धर्मोपदेशक आणि शिक्षक घडवायला काढली. शहराच्या मोहापासून मुलं दूर राहावीत ही इच्छा त्यामागे होती. आपल्या नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचा धागाही अशाच एका कॉलेजापर्यंत जातो. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी १८०६ साली गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून प्रार्थना केली, त्यातून परदेशी मिशनची चळवळ उभी राहिली, आणि १८०८ साली तिथून पदवी घेतलेले मिशनरी गॉर्डन हॉल ह्याच मिशनचं काम सुरू करायला १८१३ साली मुंबईला येऊन पोचले. आज यातली बहुतेक कॉलेजं व्यवहारात धर्मनिरपेक्ष आहेत. गावं मात्र तेवढीच लहान राहिली आहेत.

पहिली पायरी: पैशाचं बोलणं यादीच्या आधी

हे बोलणं घरोघरी शेवटावर ढकललं जातं आणि तिथेच घोळ होतो. नामांकित कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण सगळं धरून, आता ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे. डॉलर ९० रुपयांचा धरला तर ८१ लाख. वर्षाला. हा आकडा बघून लॅपटॉप मिटू नका, कारण ज्यांना मदत मिळते ती मुलं एवढे पैसे भरत नाहीत. पण ‘मुलगी हुशार आहे, काहीतरी होईल’ असं म्हणून पुढेही जाऊ नका. आईवडलांनी एका संध्याकाळी बसून एक आकडा कागदावर लिहावा: घर न विकता, आजीच्या औषधपाण्याला हात न लावता, चारही वर्षं आपण दर वर्षी किती देऊ शकतो? दहा लाख? अठरा? मुलाला तो आकडा माहीत असू दे. सतरा वर्षांच्या मुलाला तो पेलतो, असाच माझा अनुभव आहे.

मदत दोन प्रकारची असते. एक घरची परिस्थिती बघून दिलेली, दुसरी गुणवत्तेवर दिलेली. सर्वांत नावाजलेली कॉलेजं, म्हणजे विल्यम्स, ॲम्हर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना ह्या पंक्तीतली, फक्त पहिल्या प्रकारची देतात, पण देतात तेव्हा गरज पूर्ण भागवतात. विल्यम्सनं तर २०२२ पासून मदतीतून कर्ज आणि कॅम्पसवर काम करण्याची अट हे दोन्ही काढून टाकलं. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, माउंट होल्योक ह्यांच्याकडे दोन्ही प्रकार आहेत. केंटकीतलं बेरिया कॉलेज कुणाकडूनच शिकवणीची फी घेत नाही, सगळ्या विद्यार्थ्यांना कॉलेजात काम करावं लागतं, पण तिथे परदेशी मुलं मोजकीच घेतात.

आता पोटात गोळा आणणारी गोष्ट. बहुतेक कॉलेजं परदेशी मुलाला प्रवेश देताना त्याला किती मदत लागणार हे बघतात. ते न बघता प्रवेश देणाऱ्या छोट्या कॉलेजांत ॲम्हर्स्ट आणि, २०२२ पासून, बोडन ही नावं येतात. म्हणजे बाकी ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते. त्यावर काही घरं तोडगा काढतात: पहिल्या वर्षी मदत मागायचीच नाही, कसंतरी निभवायचं, पुढच्या वर्षी मागायची. हे करू नका. प्रवेशाच्या वेळी मदत न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्याला ती पुढे मागताच येत नाही असा बऱ्याच कॉलेजांचा नियम आहे. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात शिक्षण अर्ध्यावर टाकून परतलेला मुलगा मी बघितला आहे. त्याच्या मार्कांत काहीच खोट नव्हती.

दुसरी पायरी: ‘एच ६’ नावाची चौकट

कॉमन डेटा सेट नावाचं एक दस्तऐवज अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दर वर्षी ठरावीक साच्यात भरून जाहीर करतात. कॉलेजचं नाव आणि ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधलं की पीडीएफ सापडतं. तीस-चाळीस पानं असतात, पण तुम्हाला चार-पाच चौकटीच वाचायच्या आहेत.

सर्वांत आधी एच ६. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजनं स्वतःच्या पैशातून मदत दिली आणि सरासरी किती दिली, हे तिथे लिहिलेलं असतं. मग बी २ मध्ये जाऊन एकूण परदेशी विद्यार्थी किती ते बघा. समजा एका कॉलेजात ३०० परदेशी मुलं आहेत, २४० जणांना मदत आहे आणि सरासरी ६५ हजार डॉलर आहे. दुसऱ्या कॉलेजात ३०० पैकी २६० जणांना आहे, पण सरासरी २८ हजार. दुसऱ्याच्या माहितीपत्रकात ‘८५ टक्क्यांहून जास्त विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती’ असं ठळक छापलेलं असेल आणि ते खोटंही नसेल. पण खर्च ७५ हजार असेल तर उरलेले ४७ हजार डॉलर, म्हणजे ४२ लाखांवर, दर वर्षी घरातून जाणार. कागदावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या याद्या ह्या एका चौकटीनं अर्ध्यावर येतात.

बाकी चौकटी झटकन: आय ३ मध्ये किती वर्ग दहापेक्षा कमी मुलांचे, किती वीसचे, किती पन्नासचे हे कळतं. ‘शिक्षक-विद्यार्थी प्रमाण’ ह्या गुळगुळीत आकड्यापेक्षा हे खरं. सी ७ मध्ये प्रवेश देताना कशाला किती वजन देतात ते असतं. जे भागात कुठल्या विषयात किती टक्के पदव्या दिल्या ते असतं. तुमच्या मुलाच्या विषयासमोर एक टक्का दिसला तर थांबून विचार करा.

अमेरिकन कॉलेजांच्या क्रमवारीच्या याद्या मी फक्त कॉलेजांची नावं माहीत व्हावीत एवढ्यासाठीच बघायला सांगते. बारावा नंबर आणि तिसावा नंबर ह्यांत तुमच्या मुलाच्या दृष्टीनं काय फरक आहे ते ती यादी सांगू शकत नाही.

तिसरी पायरी: टाइमटेबल

इथे मात्र घाई करू नका. मोठ्या विद्यापीठात फिजिक्सचे पन्नास प्राध्यापक असतात, दोन जण रजेवर गेले तर कुणाला कळतही नाही. छोट्या कॉलेजात विभागच पाच-सहा जणांचा. एक जण सबॅटिकलवर गेला, म्हणजे अभ्यासरजेवर, की त्याचा विषय त्या वर्षी बंद. म्हणून छोट्या कॉलेजची निवड ही बरीचशी एका विभागाची निवड असते.

कॉलेजचा कोर्स कॅटलॉग म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड. मेनूकार्डावर सगळंच असतं, आज काय मिळेल ते विचारावं लागतं. ते उत्तर कॅटलॉगमध्ये नसतं, रजिस्ट्रारच्या पानावरच्या प्रत्येक सत्राच्या टाइमटेबलात असतं. भाचीच्या वेळी आम्ही असं केलं: वहीचं आडवं पान घेतलं, डावीकडे फिजिक्सचे वरच्या वर्गांचे कोर्स लिहिले, वर गेल्या सहा सत्रांची नावं. जिथे कोर्स खरोखर झाला तिथे शिकवणाऱ्याचं नाव लिहिलं, नाही तिथे फुली. दोन तासांत चित्र उभं राहिलं. तिला ज्याची ओढ होती तो सापेक्षतावादाचा कोर्स एका कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये अर्धं पान वर्णनासह होता आणि टाइमटेबलात सहाही सत्रांत फुली. तो शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झाले होते, वर्णन तसंच राहिलं होतं. क्वांटमचा दुसरा भाग एक वर्षाआड होता. म्हणजे तिसऱ्या वर्षी एक सत्र दुसऱ्या देशात शिकायला गेली असती तर तो हुकलाच असता. दुसऱ्या कॉलेजची यादी आखूड होती, पण फुल्या जवळजवळ नव्हत्या.

ह्या पानावर आणखी तीन गोष्टी टिपा. एक, किती नावांपुढे ‘व्हिजिटिंग’ आहे. ती माणसं दोन-तीन वर्षांसाठी आलेली असतात. उत्तम शिकवतील, पण चौथ्या वर्षी तुमचं शिफारसपत्र लिहायला तिथे नसतील. दोन, गणितात रिअल ॲनालिसिस आणि अमूर्त बीजगणित, अर्थशास्त्रात इकॉनोमेट्रिक्स, संगणकशास्त्रात अल्गोरिदम, असे पुढच्या शिक्षणाला लागणारे कोर्स दर वर्षी होतात का. तीन, संगणकशास्त्राच्या वर्गांत जागा मिळते का. अनेक छोट्या कॉलेजांत ह्या विषयाला गर्दी झाली आहे आणि प्रतीक्षा यादी असते.

मग विभागप्रमुखांना एक छोटं ईमेल. मुलानंच लिहायचं, पालकांनी नाही. ‘मला तुमच्या कॉलेजबद्दल माहिती द्या’ असं लिहिलं तर प्रवेश कार्यालयाचा पत्ता मिळेल. नेमकं विचारा: ‘गेल्या दोन वर्षांत हा कोर्स झालेला दिसत नाही, पुढे व्हायचा आहे का? उन्हाळ्यात तुमच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी असतात का?’ भाचीला एका विभागप्रमुखांनी तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं, आणि गेल्या पाच वर्षांतले फिजिक्सचे पदवीधर कुठे गेले त्याची यादी, नावं काढून, सोबत जोडली. माझ्या तीस प्रश्नांची उत्तरं त्या यादीत होती.

विभाग लहान असेल तर शेजार बघा. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि तिथलं मोठं सरकारी विद्यापीठ ह्यांत एकमेकांकडे कोर्स घेता येतात आणि मधून मोफत बस धावते. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला पोमोना, हार्वी मड, स्क्रिप्स, पिट्झर आणि क्लेअरमाँट मॅकेना ही पाच कॉलेजं अक्षरशः भिंतीला भिंत लागून आहेत. फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड शेजारी, स्वार्थमोर जरा लांब. वेल्स्लीच्या मुली एमआयटीत कोर्स घेऊ शकतात. फक्त वेळेचा हिशेब घाला: पाऊण-एक तासाच्या तासिकेसाठी जाऊन-येऊन दीड तास बसमध्ये जाणार असेल तर ती सोय हिवाळ्यात कागदावरच राहते.

इंजिनिअरिंगबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे तो प्रश्न येतोच. स्वार्थमोर, हार्वी मड, स्मिथ, लाफाएट, बकनेल अशा काही ठिकाणी ते तिथेच शिकता येतं. बाकी कॉलेजं तीन वर्षं इथे आणि दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात अशी जोडपदवी दाखवतात. त्यात शेवटच्या दोन वर्षांची आर्थिक मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळेल का, हे लेखी विचारल्याशिवाय त्या वाटेवर भरवसा ठेवू नका.

चौथी पायरी: वर्ष कसं कापलेलं आहे

हे मुलाच्या स्वभावावर आहे. बहुतेक ठिकाणी दोन सत्रं, प्रत्येकात चार कोर्स. मिनेसोटातल्या कार्लटनला दहा आठवड्यांची तीन सत्रं आणि एका वेळी तीनच कोर्स. कोलोराडो कॉलेजात एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवडे, मग पुढचा. विल्यम्सला दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक अशी ट्युटोरियल्स असतात: एका आठवड्यात एकानं निबंध वाचायचा, दुसऱ्यानं त्यावर बोलायचं, पुढच्या आठवड्यात उलट. ऑरेगनमधल्या रीड कॉलेजात शेवटच्या वर्षी प्रबंध सगळ्यांना सक्तीचा. ॲम्हर्स्ट आणि ग्रिनेलमध्ये पहिल्या वर्षीचा एक कोर्स सोडला तर सक्तीचे विषयच नाहीत.

वर्षाअखेरी एकदाच मान मोडून अभ्यास करायची सवय लागलेल्या मुलाला दहा आठवड्यांचं सत्र सुरुवातीला फार जड जातं. तिसऱ्या आठवड्यात पहिली परीक्षा, तोवर वसतिगृहातली बॅगही पूर्ण रिकामी झालेली नसते. आणि सक्तीचे विषय नसलेलं कॉलेज फक्त त्यालाच द्या, ज्याला स्वतःहून अवघड विषयाकडे जायची खोड आहे. लाजाळू मुलाला ट्युटोरियल झेपणार नाही असं मात्र मी म्हणणार नाही. वर्गात तोंड न उघडणारी मुलं दोघांत बोलती झालेली मी शाळेतही बघितली आहेत.

पाचवी पायरी: गाव

नकाशा उघडा आणि विमानतळापासूनचं अंतर बघा. ग्रिनेल गावाची वस्ती दहा हजारांच्या आत, डे मॉइनपासून साधारण नव्वद किलोमीटर. कार्लटनचं नॉर्थफील्ड मिनियापोलिसपासून तासाभरावर. मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरातच. विल्यम्सचं विल्यम्सटाउन डोंगरात, बॉस्टनहून गाडीनं तीन तास. छोट्या गावात सगळं आयुष्य कॅम्पसवर असतं, त्यामुळे मैत्री घट्ट होते आणि भांडणंही. मुलगा संध्याकाळी कॉलेज रोडवर टपरीवर उभा राहिल्याशिवाय फुलत नसेल तर त्याला हे सांगून ठेवा.

दोन प्रश्न कुणी विचारत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का, आणि मेस उघडी असते का? काही कॉलेजांत वसतिगृह उघडं, मेस बंद. बाहेर उणे वीस, गावातलं एकमेव दुकान दोन किलोमीटरवर, आणि अठरा वर्षांची मुलगी मायक्रोवेव्हमध्ये खिचडी करते आहे. हे चित्र आधी माहीत असलं तर त्याची तजवीज होते: स्थानिक यजमान कुटुंबाची योजना कॉलेजात आहे का ते विचारा, जवळच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळाचा संपर्क आधीच काढून ठेवा.

तिथल्या विद्यार्थ्यांशी बोला, पण कॉलेजनं नेमलेल्या प्रतिनिधींशीच नको. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला भारतीय, नेपाळी, बांगलादेशी कुणीही चालेल. ‘कॉलेज कसं आहे?’ ह्याला ‘छान’ हेच उत्तर येतं. विचारा, ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंस?’ आणि मग गप्प बसून ऐका.

मुलींसाठी स्मिथ, वेल्स्ली, माउंट होल्योक, ब्रिन मॉर ह्यांचा विचार जरूर करा. आपल्याकडे ‘मुलींचंच आहे, बरं’ एवढ्यावर घरचे तयार होतात. माझं कारण वेगळं आहे. तिथे प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं मुलीच चालवतात, सगळ्या मंडळांच्या अध्यक्ष मुलीच असतात, आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलीला ती सवय चार वर्षं लागते.

सहावी पायरी: पुढचं आत्ताच विचारा

अमेरिकेत पदवीनंतर एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला एक वर्ष कामाची परवानगी मिळते, विज्ञान-तंत्रज्ञान गटातल्या विषयाला आणखी दोन वर्षं. विषय त्या गटात आहे की नाही हे त्याच्या नावावरून ठरत नाही, सरकारी सांकेतिक क्रमांकावरून ठरतं. अर्थशास्त्राचा क्रमांक ४५.०६०१ असेल तर एकच वर्ष, ४५.०६०३ असेल तर तीन. दोन कॉलेजांत तेच कोर्स, तीच पुस्तकं, आणि हा फरक. रजिस्ट्रारला विचारा, एका ओळीत उत्तर मिळतं. हे नियम सरकार बदलू शकतं, म्हणून निवड करायच्या वर्षी पुन्हा वाचा.

संशोधनाकडे ओढा असेल तर आणखी एक. उन्हाळ्यातल्या संशोधनाच्या ज्या जागांना अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे पैसे असतात, त्या तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी राखीव असतात. म्हणून कॉलेज स्वतःच्या खिशातून किती विद्यार्थ्यांना उन्हाळी मानधन देतं आणि त्यात परदेशी मुलं असतात का, हे परदेशी मुलाच्या दृष्टीनं फार महत्त्वाचं. रीड, स्वार्थमोर, कार्लटन, हार्वी मड, ग्रिनेल ह्यांचे पदवीधर पीएच.डी.पर्यंत जाण्याचं प्रमाण संख्येच्या मानानं मोठ्या विद्यापीठांच्या वर राहिलं आहे. ही उन्हाळी कामं त्याचं एक कारण आहेत.

सातवी पायरी: कॉलेज टिकेल ना?

हा प्रश्न अशुभ वाटतो, तरी विचारा. व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन कॉलेज २०१९ साली बंद झालं. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ सालचं. एप्रिल २०२४ मध्ये घोषणा झाली आणि ते सत्र संपताच बंद. व्हर्जिनियातलं स्वीट ब्रायर २०१५ साली बंद होणार होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून ते वाचवलं. कॉमन डेटा सेटची गेल्या पाच-सहा वर्षांची पीडीएफ काढा आणि बी १ मधली एकूण विद्यार्थीसंख्या खाली खाली जाते आहे का बघा. संख्या दर वर्षी घसरते आहे, निधी लहान आहे, आणि तरी तुम्हाला न मागता मोठी शिष्यवृत्ती देऊ केली आहे, तर जपून.

आठवी पायरी: अर्ज

तपशील थोडक्यात, कारण कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट, उघडली की तो समजतो. नियमित अर्ज जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल मार्चअखेर. लवकर आणि बांधील अर्ज, ज्याला अर्ली डिसिजन म्हणतात, नोव्हेंबरमध्ये. दुसरी फेरी जानेवारीत. बांधील म्हणजे प्रवेश मिळाला तर बाकी सगळं सोडायचं. मदत पुरेशी नसेल तर त्यातून मोकळं होता येतं, पण चार ठिकाणची पत्रं शेजारी ठेवून बघायची संधी जाते. एक कॉलेज मनापासून आवडलेलं असेल आणि एच ६ चं गणित जुळत असेल तरच हा मार्ग धरा.

आपल्या बोर्डाच्या मुलांची अडचण वेगळीच असते. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसरीकडे, त्यामुळे गुणपत्रकं दोन ठिकाणांहून काढावी लागतात. जूनमध्येच सुरुवात करा. शिफारसपत्रासाठी तुम्हाला खरोखर ओळखणारे शिक्षक हवेत. एकशे वीस मुलांच्या वर्गात मला किती जण ओळखू यायचे ते मीच जाणते. जो मुलगा तास संपल्यावर प्रश्न घेऊन यायचा त्याचं पत्र मी दोन पानी लिहिलं. नुसत्या हजेरीपुरतं कॉलेज आणि दिवसभर क्लास असं ज्यांचं चाललं आहे, त्यांनी निदान दोन शिक्षकांच्या तासाला नियमित बसावं. पत्र स्वतः लिहून शिक्षकांची सही घेऊ नका, कुणी कितीही सोपं आहे म्हणून सांगितलं तरी. आणि नाव: बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडलांचं. अर्जात पासपोर्टवर आहे तसंच लिहा आणि फरक एका ओळीत कळवा.

मदतीच्या अर्जात घराची परिस्थिती स्पष्ट करायला जागा असते. शेतीचं उत्पन्न एक वर्ष येतं, एक वर्ष येत नाही. फ्लॅट तिघा भावांच्या नावावर आहे. बाबा मुलाच्या दुसऱ्या वर्षी निवृत्त होणार. हे अमेरिकन फॉर्मला आपोआप कळत नाही. साध्या शब्दांत, आकड्यांसह लिहा.

एप्रिल: पत्रं समोर ठेवून

पत्रं आली की प्रत्येकाच्या मदतीचा आकडा बघू नका, घरातून जाणारा आकडा काढा. त्यात आरोग्य विमा धरला आहे का? विमानाचं तिकीट? फी दर वर्षी वाढते, शिष्यवृत्ती वाढणार की तीच राहणार? गुणवत्तेची शिष्यवृत्ती टिकवायला किती ग्रेड लागतात? शिवाय राहण्या-जेवणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कर लागतो, हे पूर्ण शिष्यवृत्ती मिळालेल्या घरांनाही ऐनवेळी कळतं. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना त्यात एक वजावट मिळते, तरी थोडी रक्कम बाजूला ठेवा.

कमी पडत असेल तर एकदा नम्रपणे फेरविचाराची विनंती करा, नवा कागद जोडून. नुसतं ‘आणखी द्या’ लिहून काही होत नाही.

भाचीकडे शेवटी दोन पत्रं उरली होती. एकाचं नाव शेजारच्या काकांनीही ऐकलेलं होतं. दुसऱ्याचं कुणीच नाही, पण वहीच्या त्या आडव्या पानावर त्याच्या फुल्या कमी होत्या आणि घरातून जाणारा आकडा बाबांच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा ऐंशी हजार रुपयांनी कमी होता. तिनं ते घेतलं. १ मे च्या आत ठेव भरली आणि त्याच संध्याकाळी दुसऱ्या कॉलेजला नकार कळवला. तुम्हीही तो लगेच कळवा. तुमची जागा आणि तुमच्यासाठी बाजूला काढलेले पैसे प्रतीक्षा यादीवरच्या कुणाला तरी तेव्हाच देता येतात. नंतर आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या दाखल्यासाठी, बँकेचे कागद जमवायला लागा, तो आला की व्हिसाची तारीख घ्या. आणि ज्या प्राध्यापकांनी तुमच्या ईमेलला उत्तर दिलं होतं त्यांना दोन ओळी लिहून कळवा की ऑगस्टमध्ये येते आहे.